‘दरवर्षी’ म्हणजे नेमकं कधी?

जठारपेठेत ज्या शिकवणीवर्गात मी संध्याकाळी मराठी शिकवतो, त्याच्याच वरच्या मजल्यावर माझा भाचा कॉम्प्युटर शिकतो. एकदा वर्ग सुटल्यावर लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला. मोहल्ल्यासाठी सणांची आठवण देणारं ॲप त्याने बनवलं होतं. १५ ऑगस्ट बरोबर येत होता, ईद मात्र चुकत होती.

“मामू, ईदीले ‘दरवर्षी’ लावलं तर चुकते, नाही लावलं तर दरवर्षी हातानं तारीख टाका लागते. मग लिहू कसं?”

त्याने २०२४ची ईदुल फित्र, ११ एप्रिल, ‘दरवर्षी’ म्हणून नोंदवली होती. २०२५ला ईद ३१ मार्चला झाली. ॲप मात्र ११ एप्रिलचीच वाट पाहत बसलं.

चूक पोराची नव्हती, ‘वर्ष’ या शब्दाची होती. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. दर साली सुमारे ११ दिवसांची तफावत. सूर्याची ३३ वर्षं होतात तेव्हा चंद्राची ३४ होऊन जातात.

ही अडचण नवी नाही. आपल्याच दख्खनमध्ये ती राज्यकारभाराच्या दारात उभी राहिली होती. सारा वसूल करायचा पिकावर, आणि पीक येतं सूर्याच्या चालीने. वऱ्हाडातला शेतकरी कापूस पेरताना मोहरम पाहत नाही, मृग पाहतो. वसुलीचं साल हिजरी ठेवलं, तर ३३ हंगामांत ३४ सालांचा सारा मागावा लागेल. शेत एकदाही जास्त पिकणार नाही.

त्यावर दख्खनने उपाय काढला, तो म्हणजे शुहूर सन. साल १३४४मध्ये, हिजरी ७४५ चालू असताना, तो सुरू झाल्याचं मानतात. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा मुहम्मद बिन तुघलक होता. आकडा हिजरीचाच उचलला, पण पुढे तो सूर्याच्या चालीने मोजला. नवं साल लागायचं सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. म्हणून त्याला ‘मृगसाल’ही म्हणत. पुढे शहाजहानच्या काळात दख्खनेत फसली सन आला, त्याचीही गरज हीच होती. ‘फसल’ म्हणजे पीक, नावातच सगळं आलं.

पेशव्यांच्या कागदांत हाच शुहूर सन दिसतो, तोही अरबी शब्दांत. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची. तेव्हाचं साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० येतात, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांसाठी ६००. हिजरी सन मात्र तेव्हा ११७४ होता. १३४४ला दोघांचा आकडा एकच होता. चारशेहून थोड्या जास्त वर्षांत हिजरी १३ सालांनी पुढे निघून गेली.

गंमत पुढेच आहे. साल सूर्याचं केलं, तरी महिने चंद्राचेच राहिले. कारकून लिहितो जमादिलाखर, सवाल, जिल्काद. बारा चांद्र महिने संपले तरी त्या सालाचे ११ दिवस उरतात. म्हणजे एकाच शुहूर सालात काही चांद्र तारखा दोनदा येतात. एक मृगानंतर लगेच, दुसरी पुढचा मृग लागायच्या आधी. असं पत्र हाती आलं की वार आणि मजकूर पाहूनच साल ठरवावं लागतं. भाच्याच्या भाषेत सांगायचं, तर हा चारशे-पाचशे वर्षांचा ‘बग’!

आता कॉम्प्युटरवाल्यांनी काय केलं ते पाहू. कॅलेंडरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून १९९८मध्ये ‘आयकॅलेंडर’चा नियम ठरला, २००९मध्ये तो सुधारून आला. प्रत्येक तारीख वेगळी साठवायची नाही, नियम साठवायचा: दररोज की दरवर्षी, किती अंतराने, कधीपर्यंत. सुटलेला दिवस वेगळा नोंदवायची सोयही त्यात आहे. पण नियम मोजायचा तो इंग्रजी महिन्यांवरच, हे गृहीत होतं. २०१५मध्ये पुरवणी आली, आरएफसी ७५२९. तिच्यात नियमाआधी पंचांगाचं नाव लिहिता येतं. एखाद्या महिन्याला तीसवा दिवसच नसेल, तर तो गाळायचा, मागे घ्यायचा की पुढे ढकलायचा, हेही सांगता येतं.

मी भाच्याला म्हणालो, “नियमात आधी हे लिही, की ‘वर्ष’ कोणाचं.”

त्याने हिजरी पंचांग निवडलं. मग थांबला. “पण मामू, चांद दिसला नाही तर?”

सवाल बरोबर होता. हिशोबाच्या हिजरीत ३० वर्षांचं चक्र असतं, १०,६३१ दिवसांचं. हिशोब पक्का, पण आपली ईद ठरते ती चांद दिसल्यावर. म्हणून त्याने ॲपमध्ये एक ओळ टाकली: ‘अंदाजे. चांद पाहून खात्री करा.’

शाळेत मी इहिदे, इसन्ने शिकवू लागलो, की काही मुलं विचारतात, “सर, मराठ्यांच्या कागदात हे अरबी कसं?” मी सांगतो, शेतकऱ्याला सूर्य लागत होता, महिन्यांची नावं चंद्राची पाठ होती; लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच ओळीत बसवले. त्या कारकुनाला त्यात वावगं काही वाटलं नाही. आपल्याला का वाटावं?