मोहालीची चिप, चंदीगडची काच

1984-85 च्या सुमारास भारतातल्या काही माध्यमिक शाळांमध्ये पहिल्यांदा संगणक पोहोचले. ‘क्लास’ या नावाच्या सरकारी योजनेत सुरुवातीला सुमारे 250 शाळा निवडल्या होत्या. त्यांच्यासाठी पसंत केलेले यंत्र होते ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो. 2 मेगाहर्ट्झवर चालणारा 6502 प्रोसेसर आणि 32 किलोबाइट मेमरी एवढा त्याचा ऐवज. आरंभीची यंत्रे ब्रिटनहून आली. पुढे परवाना घेऊन ती इथेच बनवायचे ठरले, आणि ते काम गेले मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडकडे. बीबीसी मायक्रोच्या या भारतीय भावंडाचे नाव होते ‘एससीएल युनिकॉर्न’.

बीबीसी मायक्रोसाठीच सप्टेंबर 1984 मध्ये ‘एलिट’ हा खेळ बाजारात आला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला होता. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत 256 ग्रह आणि नुसत्या रेषांनी आखलेली, पण खरोखर त्रिमितीत फिरणारी अंतराळयाने हे सगळे त्यांनी त्या इवल्याशा मेमरीत बसवले. खेळणारा यानाच्या चालकाच्या खुर्चीत बसून बाहेर बघायचा. तीस वर्षांनी, डिसेंबर 2014 मध्ये, ब्रेबेन यांच्या कंपनीने ‘एलिट डेंजरस’ आणला. आज पीसीवर व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट लावून खेळणाऱ्यांमध्ये हा खेळ मानाचा मानला जातो. मान वळवली की खिडकीतून तारा दिसतो, खाली पाहिले की स्वतःचे हात दिसतात. अनेकांनी निव्वळ या एका खेळासाठी हेडसेट घेतला आणि तो बिघडल्यावर दुसरा शोधू लागले.

हा शोध आज मोहालीतल्या एखाद्या तरुणाला घ्यावा लागला, तर त्याच्या कामाचा बराच इतिहास त्याच्या घराच्या आसपासच घडलेला आहे. डोळ्यांपुढे चित्र उभे करायला चिप लागते आणि भिंग लागते. चिपचे काम मोहालीत झाले, भिंगाचे शेजारच्या चंदीगडमध्ये. एखादे यंत्र गेल्यावर त्याच्या जागी काय आणायचे आणि त्याच्या नाड्या कोणाच्या हातात राहणार, हा प्रश्न या दोन्ही शहरांनी खूप मोठ्या प्रमाणावर सोडवला आहे.

1966 च्या पुनर्रचनेनंतर चंदीगड केंद्रशासित झाले आणि पंजाबने त्याच्या कुशीला स्वतःचे नवे शहर वसवायला घेतले. त्याचे अधिकृत नाव साहिबजादा अजितसिंग नगर असले, तरी लोकांच्या तोंडी मोहालीच राहिले. पहिला मोठा कारखाना ट्रॅक्टरचा होता. दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत आखलेला ‘स्वराज’ ट्रॅक्टर पंजाब ट्रॅक्टर्सने 1974 पासून मोहालीत बनवला. त्यामागोमाग आला तो चिपचा कारखाना. केंद्र सरकारने 1976 मध्ये त्याला मंजुरी दिली आणि 1984 मध्ये उत्पादन सुरू झाले. तंत्रज्ञान अमेरिकन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीकडून घेतलेले होते, आणि चिपवरच्या रेषांची बारकाई 5 मायक्रॉन होती. मोहालीच्या अभियंत्यांनी घेतलेल्या ज्ञानावर न थांबता स्वतःच्या बळावर त्याहून बारीक रेषा गाठायला सुरुवात केली.

7 फेब्रुवारी 1989 रोजी या कारखान्याला आग लागली. चिपनिर्मितीची खोली म्हणजे धुळीचा कणही वर्ज्य असलेली जागा. तिथे आग आणि धूर शिरल्यावर डागडुजीला काही उरतच नाही, सगळे नव्याने उभारावे लागते. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला 1997 उजाडले. ज्या दशकात तैवान आणि दक्षिण कोरिया झपाट्याने पुढे गेले, त्यातली आठ वर्षे अशी गेली. 2006 मध्ये ही संस्था अंतराळ विभागाखाली आली आणि तिचे नाव सेमीकंडक्टर लॅबोरेटरी झाले. 2022 मध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे गेली. आज तिथे 180 नॅनोमीटरच्या चिप बनतात. अवकाश प्रक्षेपकांसाठी तयार झालेला 32 बिटचा ‘विक्रम’ प्रोसेसर सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीत पंतप्रधानांच्या हाती दिला गेला, तो मोहालीतच बनलेला होता.

आगीनंतर कारखाना पुन्हा उभा राहू शकला, कारण ते काम येणारी माणसे देशात होती. युनिकॉर्नला तसे पाठबळ मिळाले नाही. त्याचा आराखडा एकॉर्नचा, त्याच्यासाठीचे प्रोग्रामही मुख्यतः ब्रिटनमध्ये लिहिलेले. जगाने आयबीएमच्या घडणीचा पीसी स्वीकारल्यावर शाळांनीही पीसी घेतले, आणि बीबीसी मायक्रोसाठी लिहिलेले काहीही त्यावर चालेना. यंत्रे धडधाकट असतानाच त्यांच्या भोवतीची व्यवस्था संपली. पीसीवर व्हीआर खेळणाऱ्यांनी गेल्या दहा वर्षांत हाच अनुभव पुन्हा घेतला आहे.

आता चंदीगडकडे वळू. सेक्टर 30 मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था आहे. स्थापना 1959 ची, चंदीगडला स्थलांतर 1962 मध्ये. या संस्थेने ‘तेजस’ लढाऊ विमानासाठी हेड-अप डिस्प्ले विकसित केला. वैमानिकाच्या समोर एक तिरकी पारदर्शक काच असते. वेग, उंची आणि नेम यांच्या हिरव्या खुणा तिच्यावर उमटतात आणि त्या काचेपलीकडच्या आकाशातच तरंगत असल्यासारख्या दिसतात. यामागची युक्ती भिंगांची. पडद्यावरून निघालेले किरण भिंगांच्या संचातून समांतर करून डोळ्यात सोडले, की ते चित्र फार दूर, जणू अनंतावर आहे असे डोळ्याला वाटते. मग क्षितिजाकडे लागलेली नजर काचेवर आणून पुन्हा जुळवावी लागत नाही. लढाईत वाचलेला तेवढा क्षणही मोलाचा असतो. चंदीगडमध्ये घडलेल्या या उपकरणाचे उत्पादन जवळच्याच पंचकुल्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सने केले.

व्हीआर हेडसेटचे भिंगही हेच काम करते. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असतो, एवढ्या जवळचे माणसाला स्पष्ट दिसत नाही. भिंग तो पडदा सुमारे दीड-दोन मीटर दूर असल्याचा भास निर्माण करते. डोळा ठरावीक जागी असला तरच चित्र स्वच्छ दिसते, ही अटही दोन्हीकडे सारखीच. वैमानिकाचे डोके एका अदृश्य चौकटीत राहावे लागते, तर हेडसेटमध्ये दोन भिंगांमधले अंतर दोन बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळावे लागते. उन्हाची भीतीही दोघांना. भिंगातून उलट शिरलेले ऊन एकवटून आतला पडदा जाळते. मोहालीच्या जूनमधल्या उन्हात खिडकीशी हेडसेट ठेवला, तर काही क्षणांत पडद्यावर कायमचे डाग पडू शकतात.

तेजसची दुसरी बाजूही सांगायला हवी. समोरची काच चंदीगडची, पण वैमानिकाच्या शिरस्त्राणावरचा डिस्प्ले इस्रायलच्या एल्बिट कंपनीचा. डोक्याची हालचाल ओळखून त्याप्रमाणे चित्र बदलणे हे काचेवर खुणा उमटवण्यापेक्षा फार अवघड काम आहे.

या अवघड कामाची मुळे जुनी आहेत. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू खोली निर्माण करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये आपल्या स्टिरिओस्कोपने दाखवले. विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स रिकाल्टन यांच्या 100 जोडचित्रांच्या संचातून परदेशी घरांत बसलेल्या माणसांनी भारत असाच खोलीसकट पाहिला. 1968 मध्ये आयव्हन सदरलंड यांनी छताला टांगलेला, डोक्याबरोबर चित्र फिरवणारा डिस्प्ले बनवला. घरगुती किमतीत ते आणण्याचा मार्ग 2012 मध्ये पामर लकी यांच्या ऑक्युलसने लोकवर्गणीतून खुला केला. फेसबुकने ती कंपनी 2014 मध्ये घेतली. मार्च 2016 मध्ये 599 डॉलरचा रिफ्ट आला आणि एप्रिलमध्ये 799 डॉलरचा एचटीसी व्हाइव्ह. वर्षभराने व्हाइव्ह भारतात विकायला आला, तेव्हा त्याची किंमत 90 हजारांच्या वर होती.

पहिल्या पिढीचे हेडसेट थकू लागले, तेव्हा खरी अडचण कळली. हेडसेटचा पडदा क्वचितच जातो. आधी तुटते ती केबल, आणि ती त्याच कंपनीची लागते. रिफ्टची केबल मिळणे काही वर्षांतच दुरापास्त झाले. त्याच्या जागी 2019 मध्ये आलेला रिफ्ट एस 2021 मध्ये बंद झाला. 2020 मध्ये तर नव्या ग्राहकांना हेडसेट वापरायला फेसबुकचे खाते सक्तीचे केले गेले. ती सक्ती 2022 मध्ये मागे घ्यावी लागली. ऑक्युलसच्या दुकानातून घेतलेले खेळ दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवर थेट चालत नव्हते, म्हणून ‘रिव्हाइव्ह’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर लिहिले गेले. मे 2016 मध्ये कंपनीने त्याची वाट अडवली, लोक संतापले आणि पुढच्याच महिन्यात तो अडसर काढला गेला.

सर्वांत मोठा धक्का मायक्रोसॉफ्टने दिला. 2017 पासून एचपी, लेनोवो, सॅमसंग अशा अनेक कंपन्यांनी विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी या व्यवस्थेवर चालणारे हेडसेट विकले. एचपीचा रिव्हर्ब जी2 तर विमान आणि मोटारींचे खेळ खेळणाऱ्यांचा लाडका होता, कारण त्यात कॉकपिटमधल्या घड्याळांचे आकडे वाचता येत. डिसेंबर 2023 मध्ये ही व्यवस्था बंद करण्याची घोषणा झाली आणि 2024 च्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीतून ती काढून टाकली गेली. एका अपडेटनंतर चांगले चालणारे हेडसेट निरुपयोगी झाले. ही वागणूक ग्राहकावर अन्याय करणारी होती. वस्तू त्याने पूर्ण पैसे मोजून घेतली होती आणि तिच्यात कसलाही बिघाड नव्हता.

त्यामुळे बदली हेडसेट निवडताना पिक्सेल मोजण्याआधी जोडणी पाहावी लागते. आज दोन वाटा आहेत. पहिली वाट ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला थेट लागणाऱ्या हेडसेटची. तिथे चित्र कोणत्याही व्हिडिओ कोडेकमध्ये दाबले जात नाही. व्हॉल्व कंपनीचा 2019 चा इंडेक्स आणि 2023 चा बिगस्क्रीन बियाँड हे त्यातले. बियाँडचे वजन फक्त 127 ग्रॅम. दुसरी वाट फेसबुकच्याच क्वेस्टसारख्या, स्वतःचा प्रोसेसर असलेल्या हेडसेटची. पीसी चित्र तयार करतो, ते व्हिडिओसारखे दाबून यूएसबी किंवा वायफायवरून पाठवतो आणि हेडसेट ते उलगडतो. यात केबलचा जाच जातो, पण बारीक अक्षरांची धार थोडी कमी होते आणि विलंब वाढतो. भारतात आणखी एक अडचण होती. क्वेस्ट 3 ज्या 6 गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यावर उत्तम चालतो, तो पट्टा इथे घरगुती वायफायसाठी दीर्घकाळ खुला नव्हता. मे 2025 मध्ये सरकारने त्याच्या खालच्या भागासाठी मसुदा नियम काढले. ते अंतिम होईपर्यंत अवघ्या इमारतीच्या वायफायने भरलेल्या 5 गिगाहर्ट्झवरच भागवावे लागत होते.

मानवी मापेही तितकीच महत्त्वाची. क्वेस्ट 2 मध्ये भिंगांच्या अंतराच्या तीनच जागा होत्या, 58, 63 आणि 68 मिलिमीटर. रिफ्ट एसमध्ये भिंगे हलवताच येत नव्हती. ज्याचे माप यात बसत नाही, त्याला कितीही महागडा पडदा धूसरच दिसणार आणि तासाभरात डोके जड होणार. चश्म्याच्या दुकानात हे अंतर मोजून मिळते, आणि ते कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बाहेरून मागवलेल्या यंत्राची वॉरंटी भारतात लागू आहे का, हेही आधी विचारावे. नाहीतर एका तुटलेल्या केबलसाठी अख्खा हेडसेट परदेशी पाठवण्याची वेळ येते.

व्यवस्था खुली ठेवली तर काय साधते, याचे चांगले उदाहरण व्हॉल्वच्या लाइटहाउस पद्धतीत आहे. भिंतीवर लावलेली बेस स्टेशने खोलीभर लेझर फिरवतात आणि हेडसेट त्यावरून आपली जागा ओळखतो. ही पद्धत व्हॉल्वने इतर उत्पादकांनाही वापरू दिली. म्हणून 2016 च्या व्हाइव्हबरोबर घेतलेली स्टेशने बियाँडलाही चालतात, आणि ज्याच्या भिंतीवर ती आहेत त्याला फक्त डोक्यावरचा भाग बदलावा लागतो. 2019 मध्ये आलेल्या ओपनएक्सआर या सामाईक मानकानेही हेच काम सॉफ्टवेअरमध्ये केले. त्यावर लिहिलेला खेळ कोणत्या कंपनीचा हेडसेट जोडला आहे याची फिकीर करत नाही.

‘एलिट डेंजरस’ खेळणाऱ्यासाठी हिशेब त्यातल्या त्यात सोपा आहे. तो खुर्चीत बसून खेळतो, हातात जॉयस्टिक असते, केबल पायात येत नाही, आणि त्याला वाचायची असतात ती फलकावरची बारीक अक्षरे. डिस्प्लेपोर्टचा हलका हेडसेट त्याला सर्वांत शोभतो. 2021 च्या ‘ओडिसी’ या विस्तारात पायी चालण्याचा भाग आला, पण तो व्हीआरमध्ये सपाट पडद्यावरच दिसतो, म्हणून त्यासाठी जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. उभे राहून हातवारे करत खेळायचे असेल, तर क्वेस्ट आणि चांगला राउटर ही जोडी परवडते. आणि ज्याच्या कपाटात रिव्हर्ब जी2 पडून आहे, त्याने खरेदीला निघण्याआधी ‘ओएसिस’ वापरून पाहावे. मायक्रोसॉफ्टमधल्याच एका अभियंत्याने स्वतःच्या वेळात लिहिलेले हे मोफत ड्रायव्हर 2025 मध्ये व्हॉल्वच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात आले. पीसीत एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल, तर विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीचे हेडसेट त्याने पुन्हा चालू होतात, आणि तेवढ्या गरजेसाठी नवा हेडसेट घ्यावाच लागत नाही.