हात न लागलेली प्रतच श्रेष्ठ कशी?

अनंत पै यांनी 1967 मध्ये मुंबईत ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. देवांवर, राजांवर अंकामागून अंक निघाले. बाबासाहेबांवरचा अंक यायला मात्र 1979 उजाडले. आज संग्राहक हे जुने अंक शोधतात, पण त्यांना हवी असते कोरी प्रत. अमेरिकेत 2000 साली सुरू झालेली सीजीसी कंपनी कॉमिकला 10 पैकी गुण देऊन प्लास्टिकच्या कवचात बंद करते. कोपरा मुडपला, पिन गंजली की गुण कमी. म्हणून उष्णता, ओलावा आणि दाब देऊन सुरकुत्या घालवतात. त्याला प्रेसिंग म्हणतात. थोडक्यात, जिला कुणाचा हात लागला नाही, ती प्रत सर्वश्रेष्ठ!

1927 मध्ये महाडला विटाळाची कल्पना झुगारणाऱ्या समाजाने हा निकष का मानावा? घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात किंवा मुलुंडच्या एखाद्या चाळीत बाबासाहेबांचा तो अंक दहा घरांत फिरून फाटला असेल, तर त्या घड्या हाच आपल्या वाचनाचा पुरावा आहे. दाब देऊन तो पुसू नका. प्रत कोरड्या जागी ठेवा. ती कुणाकुणाच्या घरी वाचली गेली, ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत जपा. बाजार तिला कमी गुण देईल. देऊ द्या!

जयभीम!