पायाभूत सराव (रिअल-टाइम स्ट्रॅटेजी खेळ)

रिअल-टाइम स्ट्रॅटेजी म्हणजेच आरटीएस प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये डावपेच शिकण्याआधी हाताला लावून घ्यायच्या सवयींचा सराव. कामकरी अखंड तयार होत राहणे, लोकसंख्येची मर्यादा आड येण्याआधी घरे उभी राहणे आणि जमलेला माल पडून न राहता खर्ची पडणे, या त्यातल्या मुख्य सवयी. खेळाडूंच्या बोलीत हा ‘मॅक्रो’, तर लढाईत एकेका तुकडीला हाताळण्याचे कसब तो ‘मायक्रो’. पाहणाऱ्याचे डोळे मायक्रोकडे लागतात. नवख्यांच्या सामन्यांचा निकाल मात्र बहुधा मॅक्रोवर लागतो, आणि नेमके हेच नवख्याला पटत नाही. हरला की तो नवी युक्ती शोधायला निघतो.

बुद्धिबळात एकाची चाल होईपर्यंत दुसरा थांबतो. आरटीएसमध्ये कोणी कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक क्षण प्रतिस्पर्ध्याच्या पदरात पडतो. माल गोळा करा, इमारती बांधा, सैन्य उभारा हा या खेळांचा साचा वेस्टवुड स्टुडिओजच्या ‘ड्यून २’ (१९९२) या खेळाने रूढ केला. त्यानंतर ब्लिझार्डचे ‘वॉरक्राफ्ट’ (१९९४) व ‘स्टारक्राफ्ट’ (१९९८) आणि एन्सेम्बल स्टुडिओजचा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) आले. महाराष्ट्रात या प्रकाराची ओळख मुख्यतः सायबर कॅफेत आणि कॉलेजच्या होस्टेलांत लॅनवर रंगणाऱ्या ‘एज’मुळे झाली. त्याची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ २०१९ मध्ये निघाली. २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या पुरवणीत गुर्जर, द्रविड, बंगाली आणि हिंदुस्तानी अशा स्वतंत्र संस्कृती मिळाल्या. मराठे त्यात नाहीत. खेळाचा काळ मध्ययुगाचा असल्याने तक्रारीला फारसा वावही नाही.

पायाभूत सराव म्हणजे नेमके काय, हे ‘एज २’ च्या पहिल्या काही मिनिटांत स्वच्छ दिसते. नेहमीच्या डावात सुरुवातीला तीन विलेजर (म्हणजे कामकरी), एक स्काऊट (टेहळ्या) आणि विलेजर तयार करणारे एक टाऊन सेंटर मिळते. नवा विलेजर तयार व्हायला २५ सेकंद आणि ५० अन्न लागते. सुरुवातीचा साठा २०० अन्नाचा, म्हणजे चार विलेजरांपुरता. तो संपायच्या आत मेंढ्यांचे अन्न जमा व्हायला हवे. टाऊन सेंटर पाच जणांनाच सामावून घेते आणि चार जण आधीच हजर असतात. म्हणून डाव सुरू होताच पहिले काम घर बांधण्याचे. एका घराला २५ लाकूड लागते आणि त्यातून पाच जणांची सोय होते. वीस विलेजर झाल्यावर पुढच्या, म्हणजे फ्यूडल युगाचे बटण दाबायचे ठरवले, तर सतरा नवे विलेजर आणि लूम ही सुधारणा (तिलाही २५ सेकंदच) मिळून ४५० सेकंद होतात. खेळातल्या घड्याळात साडेसात मिनिटे. स्पर्धेत खेळ १.७ पट वेगाने चालतो, तेव्हा खऱ्या घड्याळात साडेचार मिनिटेही भरत नाहीत.

आता नवख्याचा डाव घ्या. त्याचेही वीसच विलेजर, लूमही झालेले, पण बटण नवव्या मिनिटाला दाबले जाते. मधली दीड मिनिटे टाऊन सेंटर रिकामे बसले. कधी घर बांधायचे राहिले, कधी अन्न संपले, कधी स्काऊट फिरवण्याच्या नादात बटण दाबायचेच विसरले. त्या वेळात तीन-चार विलेजर निघाले असते आणि त्यांनी पुढे डावभर कमाई केली असती. हे नुकसान कुठल्याही व्यूहरचनेने भरून निघत नाही, कारण व्यूहरचनेला लागणारा मालच कमी पडतो.

सरावाची पद्धत साधी आणि बरीच कंटाळवाणी आहे. एका वेळी एकच सवय धरायची. प्रतिस्पर्धी नको, किंवा असला तर संगणकाचा, आणि लक्ष फक्त टाऊन सेंटर रिकामे न राहण्यावर. ती अंगवळणी पडली की घरे, मग लाकूडतोडे व शेतकरी यांची वाटणी, मग रानडुक्कर ओढून आणणे. डुकराकडे ३४० अन्न असते, पण हयगय केली तर विलेजर जिवानिशी जातो. माऊस सोडून हॉटकी (कीबोर्डवरच्या कळा) वापरण्याची सवयही याच टप्प्यावर लावावी. नंतर जुनी खोड मोडताना दुप्पट त्रास होतो. डाव संपल्यावर रिप्ले पाहायचा तो लढाई पाहण्यासाठी नव्हे, टाऊन सेंटर कुठे थांबले ते शोधण्यासाठी. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मधल्या ‘आर्ट ऑफ वॉर’ या धड्यांत सुरुवातीची अर्थव्यवस्था, जलद कॅसल युग वगैरे विषय एकट्याने घोटता येतात आणि वेळेनुसार सुवर्ण, रौप्य, कांस्य पदक मिळते. उपलब्ध साधनांत हे सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत दुर्लक्षितही.

‘बिल्ड ऑर्डर’ म्हणजे कोणता विलेजर कुठे पाठवायचा याची पाठ केलेली यादी. तिचा उपयोग आहे, पण ती पाठ झाली म्हणजे पाया झाला असे नाही. शत्रूचे दोन घोडेस्वार लाकूडतोड्यांमध्ये घुसले की यादी कोलमडते. तेव्हा विलेजर वाचवता वाचवता टाऊन सेंटर चालू राहिले, तर पाया पक्का समजावा.

या सरावाला शिस्तीचे रूप दक्षिण कोरियाने दिले. तिथे २००० मध्ये केस्पा ही ई-स्पोर्ट्स संघटना स्थापन झाली, ‘स्टारक्राफ्ट’चे सामने दूरचित्रवाणीवर गाजले आणि व्यावसायिक संघांचे खेळाडू एकाच घरात राहून दिवसभर सराव करू लागले. ‘स्टारक्राफ्ट २’ च्या जागतिक अजिंक्यपदावर २०१८ मध्ये फिनलंडच्या योना सोटाला उर्फ सेराल याने नाव कोरले. हा मान मिळवणारा तो पहिला बिगरकोरियन खेळाडू. पुढच्या जानेवारीत डीपमाइंडच्या ‘अल्फास्टार’ या कृत्रिम बुद्धिमत्तेने दोन व्यावसायिकांविरुद्धचे दहाही सामने जिंकल्याचे जाहीर झाले. नंतरच्या एका प्रदर्शनी डावात ती हरली. रूढ हिशेबाहून जास्त कामकरी तयार करण्याची तिची रीत जाणकारांच्या नजरेत भरली.

कोरियासारखी सोय नसलेल्या रत्नागिरीसारख्या शहराच्या संदर्भात या विषयाला वेगळे वजन येते. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाची, त्यामुळे ऑनलाइन सामना अर्ध्यावर तुटणे इथे नवे नाही. वर सांगितलेला जवळजवळ सगळा सराव मात्र इंटरनेटशिवाय, साध्या लॅपटॉपवर होतो. रियाझ अकबर अली, आकांक्षा कदम असे नामांकित कॅरमपटू रत्नागिरीने दिले आहेत. एकट्याने बोर्ड मांडून तोच कट, तोच रिबाऊंड तासन् तास मारत बसणारा खेळाडू इथल्या माणसाला विचित्र वाटत नाही, आणि आरटीएसचा एकट्याचा सराव त्याच जातीचा आहे. मोठ्या शहरातल्या खेळाडूला या टप्प्यावर कसलाही वरचष्मा नाही. त्याचा फायदा पुढे, बरोबरीचे प्रतिस्पर्धी आणि स्थिर जोडणी लागू लागली की सुरू होतो.

स्पर्धेच्या दृष्टीने भारतात आरटीएस अजून कडेलाच आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ‘स्टारक्राफ्ट २’ प्रदर्शनी खेळ होता. सुवर्ण कोरियाच्या चो सोंग-जू याने घेतले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारतीय संघाला कांस्य मिळाले ते ‘डोटा २’ मध्ये. त्या खेळाचे मूळ ‘वॉरक्राफ्ट ३’ वर हौशी मंडळींनी रचलेल्या नकाशात आहे, पण त्यात कामकरी नाहीत आणि घरेही बांधावी लागत नाहीत.