कॅज्युअल्टीला ‘अपडेट’ येत नाही: पुढच्या तीस वर्षांसाठी इमर्जन्सी विभाग कसा बांधतात?

फोन जुना झाला की आपण बदलतो. ॲप बिघडलं की आठवड्याभरात अपडेट येतो. हॉस्पिटलच्या इमारतीचं तसं नसतं. एकदा स्लॅब पडला, भिंतीतून पाइप गेले, की पुढची तीस-चाळीस वर्षं तिथेच काम चालतं. तेवढ्या काळात आजार बदलतात, मशिन बदलतात, गाव वाढतं. याचा सगळ्यात जास्त ताण पडतो इमर्जन्सी विभागावर, म्हणजे आपण जिला ‘कॅज्युअल्टी’ म्हणतो तिच्यावर.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आर्किटेक्ट नाही. पण ‘उद्या काय लागेल माहीत नाही, तरी आज बांधायचंय’ हा पेच आमच्या कामात रोजचाच. आणि रत्नागिरीत हा विषय आत्ता ताजा आहे. २०२३ साली इथे १०० जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. कॉलेज आलं की हॉस्पिटल वाढतं, आणि कॅज्युअल्टीचा विचार बांधकामाच्या आधीच करावा लागतो.

इथे नेमकं काय येतं?

मुंबई-गोवा हायवेवरचे अपघात. भातलावणीत साप चावलेले. आंबा काढताना झाडावरून पडलेले. गणपतीपुळ्याला समुद्रात बुडता बुडता वाचलेले पर्यटक. लोट्याच्या केमिकल कारखान्यांमध्ये भाजलेले कामगार. डिसेंबर २०२४ मध्ये जयगडजवळ वायुगळती झाली तेव्हा शाळेतल्या अनेक मुलांना एकाच वेळी त्रास झाला आणि त्यांना रत्नागिरीत दाखल करावं लागलं. अशा वेळी केमिकल लागलेला पेशंट थेट आत घेता येत नाही. आधी कपडे काढून अंग धुवावं लागतं, म्हणजे दाराबाहेरच शॉवर आणि पाणी वाहून जायला वेगळी वाट हवी. ती नकाशात नसेल तर नंतर करणं फार कटकटीचं होतं.

गरज कमीही होते, हे विसरू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि कोकणात विंचवाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका स्वस्त गोळीने उपचाराची पद्धतच बदलली. असं काही होईल हे नकाशा काढणाऱ्याला कसं कळणार?

खाटा किती? थोडं गणित

सर्व्हरची क्षमता काढताना आम्ही लिटलचा नियम वापरतो. कॅज्युअल्टीलाही तो तसाच लागू पडतो: आत असलेले पेशंट = तासाला येणारे पेशंट × प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. तासाला ६ जण आले आणि प्रत्येक जण ४ तास थांबला, तर २४ खाटा लागतात.

आता कोकणातला पावसाळा आणा. मोठी शस्त्रक्रिया असेल तर पेशंटला अनेकदा कोल्हापूरला पाठवतात, वाट आंबा घाटातून. दरड आली, घाट बंद झाला, की पेशंट इथेच अडकतो. सरासरी मुक्काम ४ वरून ६ तासांवर गेला तर त्याच गर्दीला ३६ खाटा लागतात. येणाऱ्यांत एकही वाढला नाही, तरी! म्हणून मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलचा नकाशा इथे जसाच्या तसा उचलणं मला पटत नाही. शहरात ‘पुढे पाठवा’ हा पर्याय बहुतेक वेळा चालतो, इथे तो हवामानावर अवलंबून आहे.

दुसरा मुद्दा रांगेचा. समजा एकच डॉक्टर आहे, एका पेशंटला सरासरी १० मिनिटं लागतात, आणि लोक कधीही येतात. डॉक्टर निम्मा वेळ बिझी असेल तर रांगेत सरासरी १० मिनिटं जातात. ८० टक्के बिझी असेल तर ४० मिनिटं, ९० टक्क्यांना दीड तास, ९५ टक्क्यांना तीन तासांहून जास्त. म्हणजे सगळं पूर्ण भरून वापरलं की ‘कार्यक्षम’ दिसतं, पण एक बस उलटली की सगळं कोलमडतं. थोडी जागा मोकळी ठेवावीच लागते. अडचण एवढीच की मोकळ्या खोलीचं उद्घाटन करायला कोणी येत नाही.

पटकन बदलणारं आणि न बदलणारं वेगळं ठेवा

लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलची आखणी करताना जॉन वीक्स या आर्किटेक्टने १९६० च्या दशकातच मान्य केलं होतं की भविष्य ओळखता येणार नाही. त्याने मधून एक लांब रस्त्यासारखा कॉरिडॉर ठेवला आणि इमारतींची टोकं अशी सोडली की पुढे वाढवता येतील. आम्ही कोड लिहिताना हेच करतो. एक भाग बदलला तर दुसरा तुटू नये.

पडदे, खाटा, मॉनिटर हे पटकन बदलतं. खांब, मजल्याची उंची आणि भिंतीतले पाइप बदलत नाहीत. म्हणून पैसे न बदलणाऱ्या गोष्टींवर आधी घालायचे. ऑक्सिजनचंच घ्या. साध्या नळीने मिनिटाला ५ लिटर दिला तर २० खाटांना १०० लिटर लागतो. कोविडमध्ये वापरलेली हाय-फ्लो मशिन मिनिटाला ६० लिटरपर्यंत जातात. सगळा ऑक्सिजनच धरला तर त्याच २० खाटांना १,२०० लिटर. खाटा तेवढ्याच, मागणी बारापट. पाइप बारीक असेल तर टाकी भरलेली असूनही शेवटच्या खाटेपर्यंत दाब पोचत नाही.

शिकागोच्या रश हॉस्पिटलची नवी इमारत २०१२ साली उघडली. तिथल्या लॉबीच्या खांबांमध्ये ऑक्सिजन आणि विजेचे पॉइंट झाकून ठेवलेत. रोज ती लॉबी, साथ आली की वॉर्ड. एवढं भारी काम आपल्याकडे लगेच होईल असं नाही, पण बाह्यरुग्ण विभागाच्या वेटिंग हॉलमध्ये ऑक्सिजनची एक लाइन बांधतानाच टाकून ठेवणं काही अशक्य नाही.

जनरेटर वर आहे, पण पंप कुठे आहे?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं. एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि तिथले ८ रुग्ण दगावले. २००५ साली चिपळूण बुडालं होतंच, त्यामुळे हा धोका ‘भविष्यातला’ म्हणण्यातही अर्थ नाही.

जनरेटर वरच्या मजल्यावर ठेवला की काम झालं असं वाटतं. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलचा जनरेटर तेराव्या मजल्यावर होता. २०१२ च्या सँडी वादळात तळघरात पाणी भरलं, आणि इंधन वर चढवणारे पंप तळघरातच होते. माणसांनी जिन्यावरून इंधन वाहून जनरेटर चालू ठेवला, पण शेवटी हॉस्पिटल रिकामं करावं लागलं. आमच्याकडे याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात: जिथे एक गोष्ट पडली की सगळं पडतं. ते शोधायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक वस्तूला विचारायचं, तू कशावर चालतेस? जनरेटर डिझेलवर, डिझेल पंपावर, पंप विजेवर, वीज पॅनेलवर. साखळीतली एक जरी कडी पुराच्या रेषेखाली असेल, तर बाकीची उंची वाया.

आणि सॉफ्टवेअर?

पुढच्या काळात अँब्युलन्समधूनच ईसीजी कॅज्युअल्टीच्या स्क्रीनवर येईल, खाट आधीच तयार असेल. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ पासून आहे, त्यामुळे पाया आहेच. पण मोठ्या पुरात मोबाइल नेटवर्कही जातं. म्हणून सिस्टिम हॉस्पिटलमधल्याच सर्व्हरवर, इंटरनेट नसतानाही चालली पाहिजे. आणि तीही बंद पडली तर? दाराशेजारच्या कपाटात लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांचा गठ्ठा, मार्कर आणि एक जाड वही. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोड्या वेळात, हिरवा थांबू शकतो. वीज आली की वहीतल्या नोंदी सिस्टिममध्ये चढवता येतात.