उपवासाच्या ताटाबाहेरचे कणीस

कळंबला चिंतामणीचे स्थान असल्यामुळे या परिसरात चतुर्थीचे उपवास निष्ठेने पाळले जातात. श्रावण-भाद्रपदातल्या संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा, रताळे, हिरवी मिरची असा सारा सरंजाम चालतो. परसातून काढून आणलेले मक्याचे कणीस मात्र चंद्रोदयापर्यंत टोपलीत पडून राहते. का, असे विचारले तर ‘ते धान्य आहे’ एवढेच उत्तर मिळते. या उत्तरात थोडा इतिहास दडला आहे, असे आम्हांस वाटते.

कारण उपवासाला चालणारे हे पदार्थही मक्याइतकेच परदेशी. बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची आणि आजचा साबुदाणा ज्यापासून होतो तो कसाव्याचा कंद, सारे अमेरिकेचे. मकाही तिकडचाच; सुमारे ९००० वर्षांपूर्वी मेक्सिकोत एका रानगवतापासून घडवलेला. कर्नाटकात सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील होयसळ मूर्तींच्या हातांत मक्याची कणसे आहेत, असे जोहानेसन आणि पार्कर यांनी १९८९ मध्ये मांडले. १९९३ मध्ये पायक आणि सचान यांनी ती कणसे नसून मुक्ताफळे आहेत असा प्रतिवाद केला. आम्हांस दुसरे मत पटते, आणि त्याचे कारण मूर्तिशास्त्रात नसून स्वयंपाकघरात आहे.

मक्याला आपल्या घरात नावाखेरीज स्वतःचे असे शब्दच नाहीत. ‘कणीस’ संस्कृत ‘कणिश’वरून आलेला, म्हणजे मका येण्याच्या कितीतरी आधीचा. दाणा, धांडा, कडबा हे सारे ज्वारीचे. कोवळा दाणा विस्तवावर भाजून खाण्याची रीतही हुरड्याचीच. नवा पाहुणा ज्वारीच्या दाराने आत आला, तिच्याच गोतात नोंदला गेला आणि उपवासाला मुकला. बटाट्याला कंदमुळांत जागा मिळाली. मिरचीला तर नावही मिरीवरून मिळाले, तेव्हा मिरीचा मानही मिळाला. शास्त्रार्थ कोणी केला नसावा. हा निवाडा चुलीपाशी बसलेल्या बायकांनी केला, आणि त्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

टोपलीत थांबण्याची किंमत कणीस मोजतेच. खुडल्यापासून दाण्यातली साखर पिठूळ होऊ लागते. म्हणून जाणत्या घरांत कणीस सकाळी न खुडता दिवेलागणीला खुडतात, आणि आधणाचे पाणी आधी चढवतात. कोवळे असेल तर पाने न सोलता निखाऱ्यालगतच्या गरम राखेत पुरतात. पानांच्या आत दाणा आपल्याच वाफेवर शिजतो. जरा जून झालेले किसणीवर किसून, मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीच्या फोडणीत परतून, दुधाचा हबका देत शिजवायचे. हाच पदार्थ इंदूरच्या सराफ्यात ‘भुट्टे का कीस’ म्हणून विकला जातो. हिंदीत किसण्याला ‘कद्दूकस करना’ म्हणतात. तेव्हा हा ‘कीस’ होळकरांच्या राज्यातल्या मराठी घरांतून तिकडे गेला, असा आमचा तर्क आहे.

कीस गॅसवरही उत्तम होतो. राखेतले कणीस तेवढे होत नाही. शेगडीवर राख नसते. पाने आधीच सोलावी लागतात, आणि दाणा आतून शिजण्याआधी वरून करपतो.