मुंबईचा पांजरपोळ

इसवी सन १६२३ मध्यें पिएत्रो देला व्हाले नांवाचा एक इटालियन प्रवासी खंबायत शहर पाहावयास गेला. तेथें आजारी व जखमी पक्ष्यांचें एक रुग्णालय त्याच्या दृष्टीस पडलें. आईवेगळीं झालेलीं उंदरांचीं पिल्लेंही तेथें कापसांत ठेविलीं होतीं, आणि नाकावर चष्मा चढविलेला एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध त्यांना पिसाच्या टोंकानें दूध पाजीत होता. त्या परदेशी गृहस्थास याचा मोठा विस्मय वाटला. गुजराथेंतील वाण्यांस मात्र त्यांत विस्मयासारखें कांहीं नव्हतें. लंगडीं, आंधळीं, थकलेलीं जनावरें मरेपर्यंत पोसण्याची रीत त्या प्रांतांत जुनीच होती. पुढें व्यापारी मुंबईस आले, तेव्हां हिशेबाच्या वह्यांबरोबर ती रीतही मुंबईस आली.

तरी तिला येथें संस्थेचें रूप येण्यापूर्वीं एक दंगा घडावयाचा होता. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयास्तव उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्रीं मारण्याचा नियम कंपनी सरकारनें १८१३ सालीं केला होता. १८३२ सालीं ही मुदत वाढविण्यांत आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळे. मोकाट कोणतें व पाळलेलें कोणतें, याचा विवेक आठ आण्यांवर नजर ठेवणाऱ्या मनुष्याकडून कोणीं अपेक्षावा? ६ जून रोजीं पारशांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मांत कुत्र्याला मोठा मान असून, प्रेतावर त्याची दृष्टि पाडण्याचा ‘सगदीद’ हा अंत्यविधींतील एक आवश्यक संस्कार होय. अशा दिवशीं कोटांत कुत्रीं मारतांना दिसलेल्या शिपायांवर जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद झालीं. हिंदु आणि जैनही पारशांस मिळाले, व कुलाब्याच्या पलटणीस जाणारा शिधा वाटेंत अडविला गेला. अखेर सैन्य आलें, जमावबंदीचा हुकूम वाचला गेला आणि धरपकड झाली.

दंगा मोडला, परंतु प्रश्न तसाच उरला. जमशेटजी जीजीभाई प्रभृति प्रतिष्ठितांनीं दंग्याचा निषेध करून सरकारास अर्ज केला, त्यांत कुत्रीं ठार न मारतां शहराबाहेर न्यावीं, अशी विनंति होती. आणि नुसत्या विनंतीवर ते थांबले नाहींत. १८ ऑक्टोबर १८३४ रोजीं भुलेश्वरानजीक पांजरपोळ उघडला. त्याचे आधारस्तंभ दोन, पारशी जमशेटजी आणि जैन शेठ मोतीचंद अमीचंद. मुंबईंत ‘मोतीशा’ या नांवानें ओळखले जाणारे शेठ ते हेच. शत्रुंजयावरील मोतीशाची टूंकही त्यांचीच.

शेटजींची उदारता कोणीही वाखाणील. पण देणगी कितीही मोठी असली तरी ती एकदांच मिळते, आणि गाय मात्र रोज खाते. पांजरपोळ टिकला तो व्यापाऱ्यांनीं आपल्या मालावर स्वखुशीनें बसवून घेतलेल्या लहानशा पट्टीमुळें. कापसासारख्या मालाची खरेदीविक्री झाली कीं त्यांतील अल्पसा भाग जनावरांच्या नांवें जमा होई. देणाऱ्यास तो जाणवत नसे, आणि त्यासाठीं दरवर्षीं कोणाच्या दाराशीं हात पसरावा लागत नसे. सरकारनें न बसविलेला असा कर बाजारानें आपण होऊन भरावा, हीच या इतिहासांतील खरी विशेष गोष्ट होय.

टीकाही झाली, आणि ती अगदींच अनाठायीं नव्हती. जमशेटजींच्याच देणगींतून उभ्या राहिलेल्या कलाशाळेंत कांहीं वर्षें शिकविणारे लॉकवुड किपलिंग यांनीं १८९१ सालच्या आपल्या पुस्तकांत पांजरपोळांविषयीं कडक शब्द लिहिले. मारावयाचें नाहीं हें ठरलें; पण जखम धुवावयाची कोणीं, हाडे बसवावयाचीं कोणीं? दयेस वैद्यकाची जोड हवी होती. ती हळूहळू मिळाली. १८७४ सालीं मुंबईंत प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास आळा घालणारी मंडळी स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानानें परळ येथें जनावरांचें इस्पितळ उभें राहिलें व त्यास त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचें नांव मिळालें. १८८६ सालीं त्याच आवारांत पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें.

भुलेश्वराची जागा पुढें अपुरी पडली, म्हणून भिवंडी, रायता, चेंबूर येथें शाखा निघाल्या. परंतु मूळ जागा सुटली नाहीं. सी. पी. टँकच्या दाटींत, दुकानांच्या मागच्या अंगास, गाईंची दावण अद्याप आहे, आणि संक्रांतीच्या दिवशीं चारा घालणाऱ्यांची तेथें रीघ लागते.