मधले अंगण : कोलंबोतील एका घराचा इतिहास

‘परंपरा आणि आधुनिकता यांचा समन्वय’ हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातून नेमके काय अभिप्रेत आहे, हे आपण विचारीनासे झालो आहोत. वास्तुकलेत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्या समन्वयात माणसांना राहायचे असते. या दृष्टीने कोलंबोतील एका घराचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

१९६०च्या सुमारास ऑस्मंड आणि एना डी सिल्व्हा या दांपत्याने आपले घर बांधण्याचे काम जेफ्री बावा (१९१९–२००३) यांच्याकडे सोपवले. बावा केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकले, पुढे बॅरिस्टर झाले आणि १९५७ साली वास्तुशिल्पी. एना कँडीच्या डोंगराळ मुलखातील अलुविहारे या जुन्या घराण्यातल्या; पुढे बाटिक कलावंत म्हणून त्यांची ख्याती झाली.

कोलंबोतील सुखवस्तू घराचा नमुना तोवर इंग्रजी बंगल्याचा होता : मध्ये घर, भोवती बाग. शहर दाटू लागले, भूखंड आक्रसले, तशी ती बाग अरुंद झाली आणि घराचा खाजगीपणा गेला. बावांनी हा नमुना उलटा केला. भिंत थेट भूखंडाच्या कडेला नेली आणि बाग घराच्या पोटात घेतली. सिंहली घरांतील ‘मॅद मिदुल’, म्हणजे मधले अंगण, हा त्याचा आधार. मोठ्या अंगणाभोवती ओवऱ्या आणि खोल्या, शिवाय आणखी लहान लहान अंगणे. वर कौलारू छप्पर, खाली दगडी बैठकीवरचे लाकडी खांब. आयातीवरील निर्बंधांमुळे देशी सामग्रीचा आधार घेणे भागच होते. काच तर जवळजवळ नाहीच. मात्र एका जागेतून दुसरीत सहज वाहत जाणारा मोकळेपणा आधुनिक वास्तुकलेचा आहे.

मराठी वाचकाला येथे वाड्याचा चौक आठवेल. पण चौक केवळ हवा-उजेडासाठी नव्हता. ओसरीवर कोणी थांबायचे आणि माजघरापर्यंत कोणी यायचे, याचे नियमही त्या रचनेत मुरलेले होते. म्हणून परंपरेतून काय उचलायचे, हा निवडीचा प्रश्न ठरतो. नव्या इमारतीला जुन्या कोरीव खांबांची जोड दिली की अलंकरण होते. बावांनी अलंकार न घेता रचनातत्त्व घेतले. आजचा आशय ओवीच्या लयीत मांडणारा कवी आणि आपल्या गद्यात जुने शब्द पेरणारा लेखक यांच्यात जो फरक असतो, तोच हा.

या घराच्या इतिहासाचा उत्तरार्ध अधिक विचार करायला लावणारा आहे. २००९ साली घर विकले गेले. ती जागा शेजारच्या रुग्णालयाला हवी होती. तेव्हा घराचे भाग सुटे करून, त्यांवर क्रमांक घालून ते बेंतोटाजवळच्या लुनुगंगा येथे, बावांनी १९४८पासून घडवलेल्या बागेत नेण्यात आले. २०१६ साली ते तेथे पुन्हा उभे राहिले. एना त्याआधीच, २०१५ मध्ये निवर्तल्या होत्या.

घर हलवता आले, कारण ते आपले विश्व पोटात घेऊन उभे होते. परंतु ज्या दाट शहराकडे पाठ फिरवणे ही त्या रचनेची गरज होती, ते शहर मागेच राहिले. लुनुगंगाच्या विस्तीर्ण हिरवाईत ती कडेची भिंत आता कोणाला अडवते? खांब, कौले, अंगण सगळे जतन झाले आहे. ज्या प्रश्नाचे ते उत्तर होते, तो प्रश्न मात्र कोलंबोतच आहे, आणि आपल्या शहरांतही.